हप्त्यासाठी एक तपासणी, बाळंतपणासाठी चार

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी एकूण ५,००० रुपये मिळतात. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा असतो. त्यासाठी गरोदरपणाची नोंदणी झालेली असावी लागते आणि शेवटच्या मासिक पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत ‘किमान एक’ प्रसूतिपूर्व तपासणी झालेली असावी लागते. दुसरा हप्ता २,००० रुपयांचा. बाळाच्या जन्माची नोंद झाली आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाली की तो मिळतो.

‘किमान’ हा शब्द आम्हा अनुवादकांच्या हाताखालून रोज जातो. किमान वय, किमान शिक्षण, किमान दोन कागदपत्रे. कागदपत्रांच्या बाबतीत किमान असले की काम भागते. गरोदरपणातल्या तपासणीचे तसे नाही. एका तपासणीवर हप्ता जमा होतो. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून मात्र आरोग्य खात्याच्याच नियमाप्रमाणे चार तपासण्या लागतात. या लेखात ह्या दोन आकड्यांमधले अंतर समजून घेऊ आणि ते तुमच्या बाबतीत कसे भरून काढता येईल तेही पाहू.

योजनेत काय बदलले

ही योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. सुरुवातीला ५,००० रुपये तीन हप्त्यांत मिळत: नोंदणीनंतर १,०००, गरोदरपणाचे सहा महिने उलटल्यावर २,००० आणि बाळाच्या लसीकरणानंतर २,०००. केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’मध्ये योजनेचा समावेश झाल्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीनाचे दोन हप्ते झाले. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी देण्याची तरतूदही तेव्हाच आली.

बदल सोयीचा आहे यात शंका नाही. अर्ज कमी झाले, फेऱ्या कमी झाल्या. नवऱ्याचे आधार कार्ड देण्याची सक्ती गेली, त्यामुळे एकट्या आईलाही अर्ज करता येतो. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मले, तर पुढच्या गरोदरपणात ती स्त्री नवी लाभार्थी धरली जाते. आधी तिला फक्त उरलेले हप्ते मिळत असत.

पण या सोयीची एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या रचनेत मधला हप्ता सहा महिने उलटल्यावर मागता येई. म्हणजे सातव्या महिन्याच्या सुमारास केंद्रावर पुन्हा एकदा जाण्याचे निमित्त होते. नव्या रचनेत पहिला हप्ता पहिल्या सहा महिन्यांतल्या तपासणीवर मिळतो आणि दुसरा थेट बाळ साडेतीन महिन्यांचे झाल्यावर. शेवटच्या तीन महिन्यांत पैशाची कोणतीही पायरी नाही. आणि आईच्या जिवाला धोका असलेल्या बऱ्याच गोष्टी नेमक्या त्याच तीन महिन्यांत दिसू लागतात.

कार्ड पोहोचले, तपासण्या पोहोचल्या नाहीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यातले काही आकडे एकाखाली एक ठेवून पाहा:

- नोंदणी झालेल्या गरोदरपणांपैकी ९५.९ टक्क्यांत माता-बाल संरक्षण कार्ड मिळाले.
- पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या माता ७० टक्के.
- किमान चार तपासण्या झालेल्या माता ५८.१ टक्के.
- लोहाच्या गोळ्या १०० दिवस किंवा जास्त घेतलेल्या माता ४४.१ टक्के.
- त्याच गोळ्या १८० दिवस घेतलेल्या माता २६ टक्के.
- रक्त कमी असलेल्या गरोदर स्त्रिया ५२.२ टक्के.

कार्ड जवळजवळ सगळ्यांच्या हातात आहे. कार्डावरचे रकाने मात्र पुढे पुढे रिकामे होत जातात. राज्याराज्यांत फरकही मोठा आहे. चार तपासण्या झालेल्या माता तमिळनाडूत सुमारे ९० टक्के, तर बिहारमध्ये सुमारे २५ टक्के.

मातामृत्यूंच्या आकड्यांतही असाच फरक दिसतो. २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. केरळमध्ये हा आकडा १९ होता, महाराष्ट्रात ३३ आणि आसाममध्ये १९५. २०३० पर्यंत देशाचा आकडा ७० च्या खाली आणायचे उद्दिष्ट आहे. प्रसूती दवाखान्यात होण्याचे प्रमाण याच सर्वेक्षणात ८८.६ टक्क्यांपर्यंत गेले आहे. म्हणजे बाळंतपणासाठी बहुतेक जणी दवाखान्यात पोहोचतात. पण तिथे पोहोचेपर्यंत बीपी किती होता, रक्त किती होते, साखर तपासली होती का, हे अनेकींच्या कार्डावर नसते. मग डॉक्टरांना पहिल्यांदा कळते ते कळा सुरू झाल्यावर.

चार तपासण्या कधी आणि कशासाठी

पहिली तपासणी पाळी चुकल्यावर लवकरात लवकर, १२ आठवड्यांच्या आत. यात वजन, उंची, बीपी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही आणि सिफिलिस यांची तपासणी होते. प्रसूतीची अंदाजे तारीख ठरते. धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी लसीचा पहिला डोसही लवकर दिला जातो, दुसरा चार आठवड्यांनी. ‘तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगू नये’ असे अनेक घरांत मानतात. गावाला सांगू नका, हरकत नाही. आशा ताईंना मात्र सांगा.

दुसरी तपासणी १४ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान. २४ ते २८ आठवड्यांच्या काळात साखरेची तपासणी पुन्हा करायची असते. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर ती गरोदरपणातली मधुमेहाची खूण समजतात. आहार बदलून किंवा औषधाने ती काबूत ठेवता येते.

तिसरी २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. या दोन तपासण्या सर्वांत जास्त चुकतात, आणि बीपी वाढण्याचा त्रास साधारणपणे २० आठवड्यांनंतरच सुरू होतो. पहिल्या तपासणीत बीपी चांगला होता म्हणून आठव्या महिन्यातही तो चांगला असेलच असे नाही. बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली तर झटके येण्याचा धोका असतो. सुरुवातीला बाईला काहीही त्रास जाणवत नाही. बीपीचा पट्टा दंडाला बांधल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही. बाळ आडवे आहे की पायाळू, हेही शेवटच्या तपासणीतच नक्की होते. प्रसूती उपकेंद्रात करायची की मोठ्या दवाखान्यात, हा निर्णय त्यावर ठरतो.

प्रत्येक वेळी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत: वजन, बीपी, रक्त आणि लघवी. आकडे कार्डावर लिहिल्याशिवाय उठू नका. ‘सगळं ठीक आहे’ असे कोणी म्हटले तर ‘बीपी किती आला?’ असे विचारा. तो आकडा विचारणे हा तुमचा हक्क आहे.

लाल गोळी आणि पांढरी गोळी

हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. ७ पेक्षा कमी असेल तर ते गंभीर आहे आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घ्यावे लागतात. अशा स्थितीत बाळंतपणात नेहमीपेक्षा थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी शरीर तो सोसू शकत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा जेवणानंतर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. चहाबरोबरही लोहाची गोळी घेऊ नये. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चालते.

लाल गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते, कधी पोट साफ होत नाही. त्यामुळे ‘ही गोळी उष्ण पडते’ म्हणून अनेक जणी पाकीट फडताळात ठेवून देतात. काळा रंग हा गोळीतल्या लोहाचा असतो, त्याने अपाय नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. तरीही सोसत नसेल तर गोळी बंद करण्याआधी परिचारिकेला सांगा. दुसरे उपाय आहेत.

माहेरी जाताना, स्थलांतर करताना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. सातव्या महिन्यात ओटीभरण होते आणि मुलगी माहेरी जाते. रीत चांगली आहे, विश्रांती मिळते. पण नोंदणी सासरच्या उपकेंद्रात झालेली असते. सासरच्या आशा ताईंना वाटते, माहेरच्या बघतील. माहेरच्या आशा ताईंच्या वहीत नावच नसते. तिसरी आणि चौथी तपासणी याच मधल्या जागेत हरवते. मातृ वंदना योजना मुख्यत: पहिल्या बाळासाठी आहे, आणि माहेरी जाण्याची रीतही पहिल्याच बाळाची. त्यामुळे हे अनेकींना लागू पडते.

ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या, कामासाठी सुरत, इंदूर, हैदराबाद इथे राहणाऱ्या स्त्रियांचे तर गरोदरपणातले कित्येक महिने गावाबाहेर जातात.

म्हणून हे लक्षात ठेवा: तपासणी देशातल्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात होते. त्यासाठी तिथले रेशन कार्ड किंवा रहिवासी दाखला लागत नाही. योजनेचा उरलेला हप्ताही दुसऱ्या ठिकाणच्या अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मागता येतो. त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड आणि अर्जाची पोच जवळ ठेवा. कार्डाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. निघण्याआधी आशा ताईंना सांगा आणि पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगा. भाषा येत नसली तरी कार्डावरचे आकडे कोणत्याही राज्यातली परिचारिका वाचू शकते.

दर महिन्याची ९ तारीख

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. दर महिन्याच्या ९ तारखेला ठरलेल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढे निदान एकदा तरी डॉक्टरांनी तपासावे, हा त्यामागचा हेतू आहे. रोजावर जाणाऱ्या बाईने महिन्यातला एक खाडा आधीच ठरवायचा असेल तर ही तारीख सोयीची.

तपासणीत जोखीम आढळली तर कार्डावर लाल चिकटपट्टी लावतात. आधीचे सिझेरियन, जुळी बाळे, वाढलेला बीपी, साखर, खूप कमी रक्त, फार कमी उंची अशी कारणे त्यामागे असतात. लाल खूण पाहून घाबरू नका आणि घरात कोणी ती अपशकुन मानत असेल तर समजावून सांगा. या खुणेमुळे तुम्हाला जास्तीच्या तपासण्या मिळतात. जोखमीच्या मातांचा प्रसूतीनंतरपर्यंत पाठपुरावा करण्यासाठी हे अभियान २०२२ पासून वाढवण्यात आले आहे, आणि आशा ताईंना सोबत येण्याचा मोबदलाही त्यात मिळतो.

पैशाचा हिशेब

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला ‘किमान’ ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ सांगितला आहे. सरकारी किंवा तत्सम नोकरीत असलेल्या स्त्रिया, ज्यांना असाच लाभ तिथे मिळतो, त्या यातून वगळल्या आहेत. इथे ‘किमान’चा अर्थ सरकारने याहून कमी देऊ नये असा होतो.

मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० मिळतात. बाकीची रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी ६,००० होतात, अशी सरकारची मांडणी आहे. आता हिशेब करा. ज्या राज्यांत दवाखान्यातल्या प्रसूतीचे प्रमाण कमी होते, तिथे ग्रामीण मातेला जननी सुरक्षा योजनेत १,४०० रुपये मिळतात. बेरीज ६,४००. महाराष्ट्रासारख्या राज्यांत ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० मिळतात, तेही दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या मातांनाच. बेरीज ५,७०० किंवा ५,६००. इतरांसाठी ५,००० च राहतात. सरासरी देशाची असते, खात्यात जमा होते ती प्रत्यक्ष रक्कम. शिवाय कायदा ‘प्रत्येक’ मातेबद्दल बोलतो आणि योजना पहिल्या बाळावर आणि दुसऱ्या मुलीवर थांबते. काही राज्ये स्वत:ची भर घालतात. तमिळनाडूत मातृत्व सहाय्याची एकूण किंमत १८,००० रुपये आहे, त्यातले १४,००० रोख.

ही रक्कम बुडालेल्या मजुरीच्या काही अंशी भरपाईसाठी आहे, असे योजनेतच म्हटले आहे. मग प्रत्येक तपासणीला बुडणारा रोज कोणी भरायचा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर धोरण आखणाऱ्यांनी द्यायला हवे. तोपर्यंत खर्चाची दुसरी बाजू तरी पूर्ण वापरा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, दवाखान्यातले जेवण, घरून नेणे आणि घरी सोडणे हे सर्व मोफत आहे. आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार मोफत आहेत. बाहेरून औषध किंवा हातमोजे आणायला सांगितले तर या कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारा.

हप्ता अडला तर

बहुतेक वेळा कारण बँकेत असते. योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. खाते तुमच्याच नावाचे हवे आणि थेट लाभ हस्तांतरासाठी आधारशी जोडलेले हवे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधार, बँक आणि कार्ड या तिन्हींवरचे नाव सारखे आहे का पाहा. अर्ज बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत करायचा असतो. त्यानंतर पोर्टल अर्ज घेत नाही. योजनेचा मदत क्रमांक १४४०८ आहे.

अंगणवाडीतला घरपोच आहार घेताना जुलै २०२५ पासून चेहरा ओळखण्याची पद्धत आली आहे. ओळख पटली नाही तर नुसत्या परत येऊ नका. सेविकेकडून आधारवरचा मोबाईल क्रमांक आणि माहिती तपासून घ्या. आहार हा तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे.

या खुणा दिसल्या तर तपासणीची तारीख पाहू नका

- अंगावरून रक्त जाणे, कोणत्याही महिन्यात
- खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज
- झटके येणे
- पोटात खूप दुखणे, ताप, धाप लागणे
- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- कळा नसताना पाणी जाणे

१०२ किंवा १०८ ला फोन करा आणि थेट दवाखान्यात जा. बाळंतपणानंतर खूप रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरी दुखून सुजणे, सतत रडू येणे किंवा बाळाकडे पाहावेसेच न वाटणे, यासाठीही दवाखान्यात जायचे असते. ‘बाळंतिणीला असं होतंच’ म्हणून थांबू नका.

हा लेख घरातल्या नवऱ्याला आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा. मग कार्ड काढा, तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीचे रकाने पाहा. रिकामे असतील आणि तुमची वेळ झाली असेल, तर पुढच्या ९ तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच केंद्रावर जा. हप्ता जमा झालेला असला तरी जा.